माग थांबला की

घटक चाचणीला भूमेश हेडाऊ
दर दोन मिनिटांनी मान वर करायचा.
मी समजले, कॉपी.
उठवून पहिल्या बाकावर आणला.
तिथंही तेच.
पंख्याकडे, खिडकीकडे, दाराकडे,
जणू वर्गात कुणीतरी पडलंय
आणि ते फक्त त्यालाच कळलंय.

गणितात पंचवीसपैकी सहा.
अप्रगत मुलांच्या यादीत नावापुढे
'कारण' म्हणून एक रकाना असतो,
बोटाएवढा रुंद.
लक्ष नाही. घरी अभ्यास नाही. पालक उदासीन.
बावीस वर्षं याच तीन कारणांत
अख्खी तांडापेठ मावत आली.

एप्रिलच्या दुपारी
तोंडाला ओढणी, पर्समध्ये कांदा,
स्कूटी काढली.
पत्ता विचारावा लागला नाही फारसा,
गल्लीच्या तोंडाशीच घर ऐकू आलं.
दोन पॉवरलूम, एक खोली.
खोली कसली,
मागांनी सोडलेली जागा.
त्याची आई "बसा" म्हणाली
ते मी ओठांवरून वाचलं.
आत्या कांड्या भरत होती, बाप मागावर,
लोखंडी पेटीवर उघडं पुस्तक,
आणि त्यातली अपूर्णांकांची आडवी रेघ
खटाक्‌गणिक थरथरत होती,
वरचे आकडे खाली पडतील अशी.

"रोज वाचते तो," आई माझ्या कानाशी ओरडली.
"ऐकू येतं तुम्हाला?"
"नाही. ओठ पायते.
थांबले का समजते, अडला."
चौथीत शाळा सुटलेली ती बाई
रोज संध्याकाळी मुलाच्या तोंडासमोर बसते.
मी पर्स उगाच या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

तेवढ्यात माग थांबला.

शांतता अशी आली
की कुणी थोबाडीत द्यावी.
चौघंही एकदम उठले.
बाप धोट्याकडे, आत्या दिव्याकडे,
आई कुठं ते दिसलं नाही,
आणि भूमेश, वही टाकून, थेट मागाखाली.
दोन बोटांत सुताचं तुटलेलं टोक,
दुसरं टोक, गाठ.
मी खुर्चीवरून पुरती उठलेही नव्हते.
ज्या हातानं छेदाची बेरीज केली होती
त्याच हातानं.

निघताना विचारलं,
"परीक्षेत सारखा वर काय बघतोस रे?"
तो चपलेनं माती उकरत राहिला.
"लय चूप रायते तिथं, बाई.
वाटते, काई तुटलं असन."

अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये
सात ते नऊ आमचा रेडिओ बंद असायचा.
काकू खुणांनी बोलायची.
आलेला पाहुणा बाबांनी दारातूनच
चौकापर्यंत फिरायला नेलेला मला आठवतो,
चहासुद्धा न देता.
मी शिष्यवृत्तीत केंद्रात पहिली आले.
पेढे वाटले, फोटो काढला,
फोटोत मी एकटीच आहे.
त्या दोन तासांना
मी आजवर माझी हुशारी म्हणत आले.

यादी कोरा रकाना ठेवून दिली.
मुख्याध्यापकांनी परत पाठवली,
लाल पेनानं गोल करून.
दोन दिवस ती माझ्या कपाटात होती.
मग लिहिलं: *घरी माग आहे.*
ते म्हणाले, मॅडम, हे कारण होत नाही.

वार्षिकला त्याला मागच्या खिडकीशी बसवलं.
खिडकी उघडी ठेवली.
पलीकडे ढोबळेंची पिठाची चक्की,
घरघर थेट बाकावर.
बाकीची पोरं वैतागली,
एकीनं कानात बोटं घातली,
तिचंही बरोबरच होतं,
मला उत्तर सुचलं नाही.
भूमेश वाकून लिहीत होता.
पाऊण तास त्याचा फक्त भांग दिसला मला.

सव्वाअकराला लाइट गेली.
चक्की थांबली.
त्यानं मान वर केली.

मीही.